पहिले पाणी, मग गाव, मग वाट

भाऊजी,

त्या दिवशी भरल्या सभागृहात तुम्ही मला एक प्रश्न विचारला आणि मी खोटं उत्तर दिलं. ताश्कंदहून परत आल्यावर पांढुर्ण्याला आमच्या शाळेनं माझा सत्कार ठेवला होता. शाल झाली, नारळ झाला, हेडमास्तरांचं भाषण झालं, माझं झालं. शेवटी, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं म्हटलं गेलं. अशा वेळी कोणी काही विचारत नसतं. तुम्ही मागच्या बाकावरून उठलात. सौसरहून बस धरून आला होतात, पायजम्यावर मोटारीचं काळं ग्रीस तसंच होतं. म्हणालात, "मास्तर, त्या गावात वाट चुकला का नाही एकदा तरी?"

लोक हसले. मीही हसलो आणि माइकमधून म्हणालो, "नाही."

चुकलो होतो. तीन तास चुकलो होतो. तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि हे मी आता सांगायला बसलो आहे. तेव्हा सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं.

मी दहा वर्षांचा असताना तुम्ही मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सौसरला आणलंत. आमच्या गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती. ताईच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि बायकोच्या भावाला घरात ठेवणं म्हणजे गावाला थट्टेचा विषय. "साळ्याले हुंड्यात आणलं का?" असं लोक तुम्हाला विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "हो ना बावा, गाय देत होते, मी म्हटलं हाच द्या. चारा कमी खाते." सातवीत शाळा सोडलेल्या माणसानं मला बी.एस्सी.पर्यंत पोचवलं. त्या घरात मला कधी कोणी उपकार दाखवले नाहीत. माझा राग वेगळा आहे.

तुम्ही विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचात. सुट्ट्यांमध्ये मी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन तुमच्या मागे बसायचो. संत्र्याच्या बगीच्यात पोचलो की तुम्ही कधी सरळ मोटारीला हात लावला नाही. आधी मालकाला विचारायचात, मग त्याच्या बायकोला, मग सालदाराला. बंद पडायच्या आधी आवाज कसा येत होता? घरघर का कटकट? जळका वास आला काय? पाणी एकदम गेलं का हळूहळू? मालक वैतागायचा, "अबे, तू मिस्त्री का पोलीस?" तुमचं विचारणं संपेपर्यंत पाना पिशवीतच असायचा.

आणि रस्ते. दहा वेळा गेलेल्या गावालाही तुम्ही सायकल थांबवून वाट विचारायचात. मी एकदा म्हटलं, "रस्ता तर मालूम आहे ना तुम्हाला? मग कावून विचारून राहिले?"

"रस्ता मालूम हाय. मानूस कुठी मालूम हाय?"

मग तुम्ही तुमची रीत सांगितलीत. "पयले पाणी मांगाचं. मंग गाव पुसाचं. मंग वाट. ज्यानं पाणी पाजलं तो मानूस आडवाटेले नाही लावत."

लहानपणी मला याची मजा वाटायची. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली. नागपूरला माझ्या मित्राच्या लग्नात तुम्ही वाढणाऱ्याला थांबवून विचारलंत, "हे पिवळं काय हाय? कस्टर्ड? ते कशाचं बनते?" माझे प्राध्यापक शेजारच्या पंगतीत होते. परतीच्या बसमध्ये मी तुमच्यावर चिडलो.

"भाऊजी, सगळं विचारलंच पाहिजे का? माणसानं अंदाज घ्यावा."

"अंदाजानं स्टार्टर जोडला तं मोटार जळते."

"लोक हसतात."

"हसू दे ना बाप्पा. हसता हसता सांगतेच."

हा वाद पुढे दहा वर्षं चालला. मास्तर, तुझं बरोबर, असं तुम्ही कधी म्हटलं नाही आणि भाऊजी, तुमचं बरोबर, असं मी म्हटलं नाही.

ताश्कंदला मला तुमचं बरोबर असल्याचं कळलं. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका पथकात माझी निवड झाली होती. घरातल्या कोणी नागपूरच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं आणि मी एकदम विमानात बसलो. बाराव्या दिवशी परतायचं होतं. त्याआधी एक दुपार मोकळी मिळाली. बाकीचे म्हणाले, आपण सोबत जाऊ. मी म्हणालो, मला रस्ता माहीत आहे. टाय बांधला, कोटावर पथकाचा बिल्ला लावला आणि निघालो.

रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, आणि कडेनं आपल्या बगीच्यातल्या पाटासारखं वाहतं पाणी. इमारती मात्र एकसारख्या. अर्ध्या तासात मला कळलं की मी चुकलो आहे. पाट्या होत्या, पण त्यांची लिपी मला येत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी पाटीसमोर उभा राहून अडाणी माणसासारखं तिच्याकडे पाहिलं. गावात चिंचेखाली बसलेले म्हातारे माझ्याकडे पत्र वाचून घ्यायला यायचे, तेव्हा त्या पत्राकडे ते असेच पाहायचे.

विचारायला माणसं भरपूर होती. बाया होत्या, शाळेची मुलं होती, झाडणारे होते. मी कोणालाही विचारलं नाही. खिशातून नकाशा काढायचो, त्याच्याकडे गंभीरपणे पाहायचो, मान हलवायचो आणि कुठल्याही दिशेला चालू लागायचो. मला रस्ता माहीत नाही हे कोणाला दिसू नये म्हणून. त्या शहरात मला ओळखणारं एक माणूस नव्हतं, भाऊजी. तरी मी नाटक करत होतो.

एका कोपऱ्यावर एक म्हातारा खरबुजांचा ढीग लावून बसला होता. मी त्याच्या समोरून तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो हसायला लागला. मला राग आला. मग घशाला कोरड पडली आहे हे जाणवलं आणि पुढचं मी ठरवून केलं नाही. हाताची ओंजळ तोंडाला लावून दाखवली. त्यानं मला शेजारी बसवलं आणि बिनकानाच्या भांड्यात हिरवा चहा दिला. म्हणाला, "हिंदुस्तान?" मी म्हटलं, हो. मग मी त्याच्या छातीकडे बोट करून दूर हात दाखवला, म्हणजे तुमचं गाव कोणतं. त्यानं काहीतरी नाव सांगितलं. मी पांढुर्णा सांगितलं. दोघांनीही एकमेकांचं गाव बोलून पाहिलं आणि दोघांचंही चुकलं. मग मी हॉटेलची किल्ली काढून तिच्यावरचा बिल्ला त्याच्यापुढे धरला. त्यानं ढीग शेजाऱ्यावर सोपवला, माझं मनगट धरलं, दोन गल्ल्या ओलांडल्या आणि हॉटेलच्या दारात मला उभं केलं. तीन तास मी त्याच्याच भोवती फिरत होतो.

खोलीत जाऊन बूट न काढता पलंगावर बसलो. मॅट्रिक झाल्यापासून 'मला माहीत नाही' हे मी कोणाला म्हटलं होतं का, ते आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. कोर्टाचा कागद असो, खताच्या पोत्यावरचा मजकूर असो, सगळ्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि मी कळो न कळो, सांगत गेलो. घरातला पहिला शिकलेला माणूस 'नाही कळलं' म्हणाला तर शिकून काय केलं, असं होईल, ही भीती. तुम्हाला ती भीती नव्हती. म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त गोष्टी माहीत होत्या. मी ठरवलं, गावी गेलो की भाऊजींना हे पहिल्यांदा सांगायचं आणि यापुढे विचारायचं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सत्कार झाला. "नाही" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सौसरला तुमच्यासाठी आणलेलं तसलंच बिनकानाचं भांडं घेऊन आलो, तेव्हाही सांगणार होतो. तुम्ही विचारलंत, "याले तिथी काय म्हणते?"

"पियालाच म्हणतात."

"मंग सोयऱ्याचंच गाव हाय ते." त्यात चहा ओतून बोटं भाजून घेतलीत. "पन याले कान ठेवाले पाहिजे होता. तू सांगून नाही आला त्यायले?" मी तोंड उघडलं आणि बोरगावहून एक जण मोटार बंद पडल्याचं सांगत आला. तुम्ही पिशवी उचलून गेलात. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तीन दिवस ठेवलं आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी घरच्या माणसाला बोलावलं. ताईनं मला पुढे केलं. दुसऱ्या कोणाला करणार होती? मी आत जाऊन इंग्रजीत म्हणालो, "सर, मी पेशंटचा मेहुणा. बी.एस्सी., शिक्षक." तिथेच सगळं बिघडलं. डॉक्टरांना बरं वाटलं असावं. त्यांनी तुमची एक्स-रेची फोटोप्लेट उजेडाकडे धरली आणि दहा मिनिटं इंग्रजीत बोलले. भरभर, दवाखान्याच्या शब्दांत. माझ्या हाती निम्मंही लागलं नाही. मी मान हलवत राहिलो.

मला तो म्हातारा आठवला, भाऊजी. खरंच आठवला. टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास होता. मनात आलं, पाणी माग. पाणी मागितलं की पुढचं मागता येईल. डॉक्टरांनी विचारलं, समजलं ना सगळं? मी म्हणालो, "येस सर."

ताश्कंदला कळलेलं नागपूरला कामाला आलं नाही. याचा मला जितका संताप येतो, तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. कळलंच नसतं तर निदान अज्ञान म्हणता आलं असतं.

बाहेर तुम्ही बाकावर बसला होतात. हातात स्टीलचा ग्लास होता, अर्धा प्यालेला. शेजारी एक नर्स तुमची फाइल घेऊन उभी होती. तुम्ही विचारलंत, "काय म्हनते डॉक्टर?"

मी म्हणालो, "आराम सांगितला. कडक पथ्य सांगितलं. सहा महिन्यांत ठीक व्हाल."

तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत. "बरं," म्हणालात.

जे कळलं नव्हतं ते मी आठवीच्या पुस्तकातून भरून काढलं. आहाराचा धडा मी दर वर्षी शिकवतो. त्याच्या आधारानं एक तक्ता केला, ताईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकवला. मीठ नाही, तिखट नाही, तेल नाही, सायकल नाही, मोटार नाही. दर शनिवारी पांढुर्ण्याहून यायचो आणि तक्त्याप्रमाणे चाललं आहे की नाही ते तपासायचो. भाजीत मीठ कमी झालं तर ताट सरकवणारा माणूस अळणी दुधीभोपळा मुकाट्यानं गिळत होता. मला वाटायचं, भाऊजी अखेर माझं ऐकायला लागले.

एकदाच तुम्ही मागितलंत. रामाकोन्याच्या गुलाबरावांचा निरोप आला होता. स्वतःच्या हातानं आतली तार गुंडाळून बांधलेली तुमची पहिली मोटार त्यांच्या विहिरीवर वीस वर्षं चालत होती. त्यांनी रोडगे टाकायचं ठरवलं होतं, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, आणि सोबत वांग्याची भाजी.

"मास्तर, एक दिवस. छोट्या लाइनच्या रेल्वेनं जातो, मोटार चालू करून पाहतो, दोन घास खातो, वापस येतो."

"नाही भाऊजी. रोडगे, वांगी, प्रवास. तिन्ही बंद आहे."

"गुलाबराव वाट पाहून राहिला."

"सहा महिन्यांनी जा ना. मी स्वतः नेतो."

"डॉक्टरनं सांगितलं काय तसं?"

"हो."

तुम्ही भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. "मंग नाही जात," म्हणालात आणि कूस बदललीत. मला जिंकल्यासारखं वाटलं. वाटलं होतं ते खरं आहे.

त्यानंतर अठराव्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरवी झाली, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी ताई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बापू, डॉक्टर नेमकं काय म्हनले होते रे त्या दिवशी? तू म्हनला सहा महिने. हे तं दोन महिने नाही झाले."

ती मला दोष देत नव्हती. शिकलेल्या भावाला विचारत होती. मी म्हणालो, "पाहतो."

फाइल घेऊन नागपूरला गेलो. पाच तास बाकावर बसलो. नंबर आल्यावर आत गेलो आणि म्हणालो, "सर, थोडं पाणी मिळेल?" डॉक्टरांनी तोच ग्लास पुढे सरकवला. पाणी प्यालो. म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही जे सांगितलं ते मला समजलं नव्हतं. मराठीत सांगाल का?"

त्यांनी चष्मा काढला. "मग तेव्हाच का नाही विचारलं?"

मी फाइल उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, साध्या मराठीत, आपल्या ताईला कळेल असं. गाठ पसरली होती. कापून उपयोग नव्हता. महिना, दोन महिने. "मी सांगितलं होतं, काही बंद करू नका. खावंसं वाटेल ते द्या, जावंसं वाटेल तिथे न्या. दुखलं तर गोळी द्या. एवढंच."

जिन्यावर ती नर्स भेटली. तिनंच ओळखलं. "तुमी ते मोटारीवाल्या बावाचे साळे ना? कसे आहेत ते?" मी सांगितलं. ती कठड्याला टेकली. बोरगावची होती ती.

"मले मालूमच होतं," ती म्हणाली. "तुमी आत होते, तवा त्यायनं पाणी मांगलं. मंग गाव पुसलं. बोरगाव म्हटल्यावर माया बापाच्या विहिरीवरची मोटार कोणती, तेही सांगितलं. मंग पुसलं, बाई, माहं किती राहिलं? आमाले सांगाले मनाई असते. पन त्यायनं असं पुसलं का मले खोटं नाही बोलता आलं. सगळं सांगितलं मी. पथ्य नाही, काही नाही, सगळं."

"मग मी बाहेर आलो तेव्हा..."

"तुमी आले आन् सहा महिने म्हनले. मी बोलणार होती. त्यायनं माया हाताले धरलं. तुमी बिल भराले गेले तवा म्हनले, बाई, राहू दे. आमच्यात पयला शिकलेला हाय तो. त्याले कळलं नाही असं त्याच्या बहिणीले कळलं, तं पोरगं मान वर नाही करन पुन्हा."

मी बसस्टँडवर येऊन तीन बस सोडल्या.

तुम्ही सगळ्या जगाला विचारलंत. सालदाराला विचारलंत, कस्टर्ड वाढणाऱ्याला विचारलंत, नर्सला स्वतःचं मरण विचारलंत. मला का नाही विचारलं? "मास्तर, खरं सांग, तुले कळलं का नाही?" एवढंच. मी रडलो असतो, सांगितलं असतं, तक्ता फाडला असता, तुम्हाला रामाकोन्याला नेलं असतं. माझी मान राखण्यासाठी तुम्ही स्वतःचा शेवटचा महिना घालवलात. कोणी सांगितलं होतं? मला सायकलवर बसवून आणलंत, शिकवलंत, आणि शेवटी त्या शिक्षणालाच इतके जपायला लागलात की त्याला एक प्रश्न विचारवला नाही. सभागृहात विचारलं होतं ना? मी खोटं बोललो ते तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. म्हणून पुन्हा विचारलं नाही का? हे मला आता कोण सांगणार?

काल सौसरला गेलो. ताई दारातच होती. मी म्हणालो, "ताई, पहिले पाणी दे." पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, नर्सचं, माझ्या मान हलवण्याचं. ताश्कंदचंही सांगितलं. मान वर करून सांगितलं, भाऊजी. कठीण होतं, पण करता येतं.

तिनं रिकामा ग्लास बाजूला ठेवला. मग उठली, भिंतीवरचा तक्ता काढला, त्याची घडी केली आणि म्हणाली, "तू पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसला का हे म्हनत, आता मीठ आन. रोज एक फोड लोणच्याची देत होती मी. तिखटाची भाजीबी. म्हनत, मास्तरले सांगू नको, त्यानं लय मेहनतीनं लिवलं हाय."

आम्ही दोघं हसलो. मग ती रडली. मी पियाल्यात चहा घेतला आणि बोटं भाजून घेतली.

म्हणजे मीठ तरी तुम्ही खाल्लंत. तेवढा बोजा उतरला. रामाकोना मात्र राहिलं, ते ताईच्या हातात नव्हतं, ते मी अडवलं. येत्या रविवारी जातो आहे. गुलाबरावांना हे सगळं सांगायचं आहे आणि ती मोटार एकदा चालू करून पाहायची आहे. बगीच्याची वाट मला माहीत नाही. कॅरिअरवर बसून कितीदा तरी गेलो, पण समोर तुमची पाठ असायची, रस्ता कधी पाहिला नाही. स्टेशनवर उतरून कोणाला तरी विचारीन.

पहिले पाणी मागीन.